पोटातल्याला काही होणार नाही ना

माझ्या अक्काच्या पापण्या भुऱ्या होत्या. केस काळेभोर, डोळे घारे आणि पापण्या मक्याच्या तुऱ्यासारख्या. समोरासमोर बसलं की त्या दिसायच्या, आणि छानच दिसायच्या, पण फोटोत साफ गायब. लग्नाच्या फोटोत ती अशी बघतेय, की हिला कुणी मागून टाचणी टोचली की काय. सासरच्या एका म्हातारीनं तो फोटो हातात घेऊन विचारलं होतं, मुलगी बरी आहे, पण पापण्या माहेरीच विसरून आली का. सगळे हसले, अक्काही हसली. तो फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत दारासमोरच लावलेला, आणि रोज झाडलोट करताना तिलाच तो पुसावा लागायचा. एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं, असं म्हणणाऱ्यानं स्वतःचा असा एक फोटो दारात लावून बघावा.

ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडची. मी तेव्हा शाळेत होते. आमचं घर पेटेत, म्हणजे बंगळूरच्या जुन्या गावात. आमचे पूर्वज इकडे नेमके केव्हा आले ते घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही, एवढं ते जुनं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि मराठीतही निम्मं कन्नड मिसळलेलं. मोठी बहीण ती अक्का, वडील ते अण्णा, थोडंसं ते स्वल्प. पुण्याकडचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावायचे. लावा म्हणावं, आमचं काही अडत नाही.

अक्काला सातवा लागला तेव्हा तिच्या सासरी डोहाळजेवण ठरलं. आमच्याकडे डोहाळजेवण असलं तरी वेणी इथलीच, मोग्गिन जडे. गरोदर बाईच्या लांब वेणीवर मोगऱ्याच्या घट्ट कळ्या सुईदोऱ्यानं ओळीनं शिवत जायच्या, वरपासून थेट कमरेच्या खालपर्यंत. ती शिवायला सकाळ जाते. मग तसंच फोटोवाल्याकडे जायचं. तो बाईला आरशाला पाठ करून बसवतो, म्हणजे एकाच फोटोत समोरून चेहरा येतो आणि आरशातून वेणी. हा फोटो प्रत्येक घरात असतोच. बाई म्हातारी झाली तरी तो भिंतीवरून उतरत नाही. अक्कानं आईला आधीच सांगून टाकलं, या फोटोत मला पापण्या हव्यात.

काजळाचा उपाय करून झाला होता. काजळ डोळ्यांत राहतं, पापणीला धरत नाही, आणि अक्काच्या डोळ्यांना पाणी फार. दोन घटकांत गालावर ओघळ. मग तिच्या एका मैत्रिणीनं सांगितलं, की दंडूत एक बाई आहे, फ्रॉक घालते, घरच्याच एका खोलीत मडमांचे केस कुरळे करते, ती पापण्यांना काळा रंग लावते आणि तो महिनाभर पाण्यानं जात नाही. दंडू म्हणजे कॅन्टोन्मेंट. पेटेतून तिथं जाणं म्हणजे आमच्या आईच्या दृष्टीनं विलायतेला जाण्यासारखंच होतं. पण अक्कानं हट्ट धरला. लहानपणापासून कधी काही न मागणारी ती, म्हणून सगळे विरघळले.

अक्काच्या सासूबाई मात्र नुसत्या विरघळणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या स्वतः बरोबर निघाल्या. अक्काला दिवस गेल्यापासून त्यांनी पपई घरात येऊ दिली नव्हती, तिळाच्या दाण्यालाही शिवू दिलं नव्हतं, फणसाचा वास आला तरी खिडकी लावायच्या. बाई प्रेमळ, पण पहारेकरी. त्या खोलीत गेल्या गेल्या त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधी विचारलं, "पोटातल्याला काही होणार नाही ना?"

ती बाई मोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, की रंग पापणीवर बसतो, तो पोटात कसा जाईल. सासूबाईंनी दोनदा खात्री करून घेतली आणि मग त्या टेकल्या. तेवढ्यात त्या बाईनं आपला नियम सांगितला. रंग लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावायचा, दोन दिवस धुवायचा नाही, खाजलं किंवा लाल झालं तर रंग लावायचा नाही. हे ऐकल्यावर सासूबाई पुन्हा उभ्या राहिल्या. गरोदर बाईच्या अंगावर असले प्रयोग करायचे नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"ही धाकटी आहे ना, हिच्या हातावर लावा. एका आईच्या दोघी, रक्त एकच."

आईला ते पटलं. अक्कालाही पटलं. त्या बाईनं एकदा अक्काच्या पोटाकडे बघितलं, एकदा माझ्या हाताकडे, आणि शेवटी म्हणाली, सरी, म्हणजे बरं. मी हात पुढे केला. त्यात माझं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मोठ्यांनी सांगितलं, मी हात दिला. मला त्या दिवसाचं दुःख आहे आणि राग आहे, आणि राग जास्त आहे.

माझ्या कोपरावर काळा ठिपका राहिला. शाळेत मुलींनी विचारून भंडावून सोडलं. दोन दिवस घरातल्या प्रत्येकानं माझा हात उजेडात नेऊन बघितला. खाज नाही, लाली नाही, काही नाही. सासूबाईंनी तर चष्मा लावून बघितला आणि समाधानानं मान हलवली. मलासुद्धा उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं, जणू अक्काच्या वाटेवरचा काटा मीच बाजूला केला.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी पापण्या रंगवल्या. अक्काला आडव्या खुर्चीत निजवलं, डोळ्यांभोवती व्हॅसलीन फासलं, खालच्या पापणीखाली ओला कापूस ठेवला आणि बारीक कुंचल्यानं रंग लावला. त्या बशीतून एक उग्र वास येत होता. मला तो ओळखीचा वाटला. डोळे मिटलेली अक्काच म्हणाली, अण्णांच्या वाटीचा वास येतोय ग. आम्ही दोघी हसलो. अण्णा मिशा आणि कानशिलांवरचे केस काळे करायचे. कचेरीतला हेडक्लार्क पिकलेला दिसून कसं चालेल. लग्न होईपर्यंत दर महिन्याला एका रविवारी अक्काच वाटीत कलपाची पूड कालवायची आणि बोटांनी अण्णांना लावून द्यायची. दुसऱ्या दिवशी तिची बोटं खाजायची, कातडी भेगाळायची. आई म्हणायची, राखेनं भांडी घासून झालं असेल, खोबरेल लाव. ते अक्काचं काम होतं, मी त्या वाटीला कधी हातही लावला नव्हता. रक्त एक असेल, बोटं एक नव्हती. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, त्या वासावर हसतानाही आलं नाही.

अक्काच्या हातात आरसा दिला. मग तिनं पापण्या खाली केल्या, वर केल्या, पुन्हा खाली केल्या. मी तिला इतकी सुंदर त्याआधी कधी बघितली नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळ्यांनी, काय ते नटण्याचं वेड, असं म्हणायला सुरुवात केली. वेड नव्हतं ते. एका पोरीला एक फोटो धड हवा होता.

सकाळी उठली ती डोळे चोळतच. खाजतायत म्हणाली. कळ्या शिवून होईपर्यंत डोळ्यांच्या कडा लाल झाल्या. बायका म्हणाल्या, आईचं घर आठवलं असेल, रडली असेल रात्री. फोटोवाल्याकडे ती दिव्याच्या झोतात डोळे कसेबसे उघडे ठेवून बसली. त्यानं स्वल्प वर बघा, स्वल्प वर बघा म्हटलं, तिनं बघितलं. दुपारी जेवणाच्या पंगतीत तिच्या पापण्या एवढ्या सुजल्या की समोरचं ताट दिसेना. संध्याकाळी तिला आमच्या घरी आणलं, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. तोवर डोळे पूर्ण मिटले होते आणि गालावरून पिवळट पाणी येत होतं.

आईनं बघितलं आणि एकच म्हणाली, दृष्ट लागली. एवढी वेणी, एवढी माणसं, त्यात त्या पापण्या, लागणारच. मग मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या तिच्यावरून उतरवल्या आणि पेटत्या शेगडीत टाकल्या, तीही अक्काच्या समोरच, कारण दृष्ट काढताना माणसानं उठायचं नसतं. तो धूर खोलीभर झाला. आम्ही सगळे खोकत बाहेर पळालो आणि अक्का आत ओरडत राहिली. आई दारातून म्हणत होती, सोस जरा, निघतेय दृष्ट, निघतेय. माझ्या आईचं अक्कावर केवढं प्रेम होतं ते मी तुम्हाला काय सांगू. त्या प्रेमानंच ती शेगडी तिथं धरली होती. अशा वेळी कुणाला दोष द्यायचा, सांगा.

दुसऱ्या दिवशी बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी अक्काच्या पोटाला नळी लावून ठोके ऐकले, पाय दाबून बघितले. बाळ छान आहे म्हणाल्या. चेहऱ्यावरच्या सुजेचं काय, असं आईनं विचारल्यावर म्हणाल्या, या दिवसांत सूज यायचीच, मीठ बंद करा, डाव्या कुशीवर निजवा. पापणी उचलून बघायचं काही त्यांच्या मनात आलं नाही. मी स्वयंपाकघरात आईला ओढून म्हटलं, अग त्या रंगाचं सांग ना. आई माझ्यावरच डाफरली. तुझ्या हाताला काही झालंय का, नाही ना, मग रंगाचं काय काढतेस. माझा धडधाकट हात असा पुरावा होऊन बसला. तो हात मी दाखवला नसता तर निदान शंका तरी राहिली असती.

मीठ बंद झालं. अक्काला आळणी भात भरवायचे मी. ती तोंड उघडून वाट बघायची, आणि घास तोंडाशी आला की विचारायची, आज उजेड आहे का बाहेर. पापण्यांचे केस उशीवर गळून पडायला लागले होते, ते मी गुपचूप उचलून टाकायची. तिला म्हणायची, आहे ना, छान ऊन पडलंय. उशीला पू लागायला लागला तेव्हा कुठे अण्णा उठले आणि टांगा आणला.

डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पापण्या कशाबशा उघडल्या. अक्कानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, डोळ्यांना काय लावलं होतं. आम्ही सगळं सांगितलं, माझ्या हाताचंही. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी अक्काला विचारलं, याआधी कधी केसांचा कलप हाताळला होता का, हात खाजायचे का. ती म्हणाली, हो, अण्णांना लावायची. डॉक्टर म्हणाले, तोच रंग हा, हिच्या अंगाला तो आधीपासूनच बाधत होता. कोपऱ्यात अण्णा उभे होते. त्यांचा हात आपोआप मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. त्यानंतर अण्णांनी कधी कलप लावला नाही. काही महिन्यांत आमचे अण्णा पांढरेशुभ्र म्हातारे झाले.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही बुबुळांवर जखम झाली आहे, पू झालाय, आत्ताच्या आत्ता दाखल करा, इंजेक्शनं द्यावी लागतील. सासूबाई आणि भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, तोवर तिथं येऊन पोचले होते. सासूबाईंनी तोच प्रश्न विचारला, पोटातल्याला काही होणार नाही ना. डॉक्टर म्हणाले, होऊ नये, पण मी डोळ्यांचा माणूस, तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घ्या, लवकर विचारा. आता ऐका पुढची गंमत. डॉक्टरीणबाई भाच्याच्या मुंजीला म्हैसूरला गेलेल्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार. भावजी हळूच म्हणाले, एक दिवस थांबू या का. मी लहान होते, तरी मला वाटलं की आता कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. बोलली ती अक्काच.

"थांबू या. पोटातल्याला काही होणार नाही ना, तेवढं विचारून या, मग द्या इंजेक्शन."

आणि आम्ही तिला घरी परत आणलं. टांग्यात बसवून, डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून, परत आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, द्या की, काही होत नाही. तेव्हा दाखल केलं. उजव्या डोळ्याचं बुबुळ तोवर फुटलं होतं. डाव्याला काही दिवस खिडकी कुठं आहे तेवढं कळायचं. पुढं तेही कळेना.

भावजी एकदा तावातावानं दंडूत भांडायला गेले होते. तासाभरात परत आले. ती बाई रडली म्हणे, म्हणाली, मी तिच्याच हातावर लावायला सांगितलं होतं. घरी येऊन त्यांनी चप्पल काढली आणि तसेच ओसरीवर बसून राहिले.

मुलगी झाली. वजनदार, गुटगुटीत, रडणं पार गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. पपई नाही, तीळ नाहीत, फणस नाही, इंजेक्शनंही विचारून, मग होईल कशी नाही गुटगुटीत. त्या दंडूच्या बाईनं खरं तेच सांगितलं होतं. सगळ्यांनीच खरं सांगितलं होतं. बारशाला बायका आल्या आणि रीतीप्रमाणे दारातच विचारू लागल्या, बाळ-बाळंतीण सुखरूप ना. आई रीतीप्रमाणे म्हणाली, हो, दोघी सुखरूप. आतल्या खोलीत अक्का बाळाच्या तोंडावरून बोट फिरवत होती. नाक, ओठ, मग डोळ्यांवर येऊन थांबली. मला म्हणाली, हिच्या पापण्या कशा आहेत ग. मी म्हटलं, तुझ्यासारख्या, भुऱ्या. त्यावर ती छान हसली, आणि मला मात्र तिथं उभं राहवेना.

सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. अक्काला माहेरीच ठेवा, आंधळी सून काय करायची, असं सांगणारी माणसं त्यांच्याकडेही होतीच. त्यांनी एकाचं ऐकलं नाही. स्वयंपाकघरापासून मागच्या विहिरीपर्यंत त्यांनी स्वतःच्या हातानं सुंभाची दोरी बांधली, अक्काला धरून चालायला. ती दोरी झिजली की नवी बांधायच्या. आणि मोग्गिन जडेचा तो फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. पेटीत तळाशी ठेवला. मी एकदाच बघितला. वेणी सुरेख आलीय, आणि पापण्या दिसतात.

साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मला दिवस गेले. आईनं, सासूनं, शेजारणींनी, जिनं तिनं तेच चालवलं. बाळ फिरतं का, बाळाला हे चालेल का, बाळाला ते बाधेल का. मीही पोटावर हात ठेवून हसून उत्तरं द्यायची, दुसरं काय करणार. माझ्या डोहाळजेवणाला वेणी घालायची ठरली तेव्हा मी म्हटलं, कळ्या काय हव्या त्या शिवा, डोळ्यांना कुणी बोट लावायचं नाही. काजळही नको. बायकांनी काजळाची डबी उचलून ठेवली, कारण सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी अक्का आली, लेकीचा हात धरून. लेक शाळेत जायला लागली होती, आईला पायरी आली की सांगायची. वेणी शिवून झाली होती आणि मी पाटावर ताठ बसले होते, कळ्या चुरगळू नयेत म्हणून. अक्का माझ्यासमोर बसली. तिनं माझ्या पोटाला हात लावला नाही. माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला, बोटं हळूच पापण्यांवरून नेली आणि विचारलं, "तुला काही दुखतंय का ग?"

मी सवयीनं सांगायला लागले, की बाळ मजेत आहे, लाथा मारतं.

"बाळाचं नाही विचारत मी. तुझं सांग."

कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. मग मी सांगितलं, पोटऱ्या फार दुखतात, महिना झाला, कुणाला बोलले नाही. अक्कानं माझा पाय चाचपून ओढून मांडीवर घेतला आणि दाबायला लागली. बाहेर फोटोला उशीर होतोय म्हणून हाका चालल्या होत्या. ती म्हणाली, थांबू देत त्यांना.